आडातले पाणी आणि गळका पोहरा

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरीच आहे. परंतु तिची दुसरी बाजू आपण सहसा बोलून दाखवीत नाही. आड पाण्याने तुडुंब भरलेला असावा, रहाटही धडधाकट असावा, आणि पोहरा मात्र इतका गळका असावा की वर येईतो निम्मे पाणी पुन्हा आडातच जावे, असेही पुष्कळदा घडते. अशा वेळी नवा आड खणण्यात अर्थ नसतो. पोहऱ्याची भोके शोधून ती बुजवावी लागतात. गेल्या सत्तर वर्षांत जगात आणि आपल्या महाराष्ट्रात जे वेगवान संगणक उभे राहिले, त्यांचा इतिहास आड खणण्याचा इतिहास म्हणून पुष्कळांनी सांगितला आहे. आज आम्ही पोहऱ्याचा इतिहास सांगणार आहोत.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा दिवस यंत्रांच्या सोबतीने जातो, त्यांना हा विषय वाटतो तितका परका नाही. यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेला वेग आणि पाळी संपताना मोजून दिलेला माल यांत अंतर असते, हे त्यांना सांगावयास नको. जॉब बसवण्यात, टूल बदलण्यात, तयार नग बाजूला काढण्यात वेळ जातो. लेथ फिरत असते, पण धातू कापला जात नसतो. संगणकाचेही नेमके असेच आहे. फरक इतकाच की तेथे हा वाया जाणारा वेळ सेकंदाच्या अब्जांश भागात मोजावा लागतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

संगणकाला माणसाची भाषा कळत नाही. 'हे घे, ते त्यात मिळव, येथे ठेव' अशा अगदी बारीक आज्ञाच त्याला समजतात. माणूस मात्र सूत्ररूपाने लिहितो. या दोहोंमध्ये एक भाषांतरकार बसवावा लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. तो स्वतःही एक प्रोग्रॅमच असतो. नुसते शब्दशः भाषांतर करणारा कंपायलर लिहिणे फारसे अवघड नाही. परंतु अर्थाला यत्किंचितही धक्का न लावता कमीत कमी आज्ञांत, कमीत कमी वेळात काम होईल असे भाषांतर करणारा कंपायलर ही निराळीच गोष्ट आहे. तोच आमच्या कथेचा नायक.

या नायकाचा जन्म संशयाच्या वातावरणात झाला. १९५७ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉर्ट्रान या भाषेचा कंपायलर पुरा केला. त्या काळचे जाणते प्रोग्रॅमकार हाताने यंत्राज्ञा लिहीत, आणि यंत्राने केलेले भाषांतर आपल्या हाताची सर गाठील यावर त्यांचा विश्वास नव्हता. बॅकस यांना याची पुरती जाणीव होती. भाषांतरित प्रोग्रॅम हाती लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या निम्म्या वेगाने जरी चालला, तरी लोक आपली भाषा स्वीकारणार नाहीत, अशी त्यांना भीती होती. म्हणून पहिल्याच कंपायलरमध्ये त्यांनी काटकसरीचे शास्त्र घातले. भाषांतर नुसते बरोबर असून चालत नाही, ते चपळही असावे लागते, हा दंडक तेथे पडला.

आपल्याकडे त्याच सुमारास मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक तयार होत होता. १९६० साली तो कामास लागला. पुढे १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आले आणि फॉर्ट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहिणारी शास्त्रज्ञांची पिढी मुंबईत तयार झाली.

येथून पुढचे पाऊल समजण्यासाठी शेताच्या बांधावर जाऊ. एका फणाने पेरणी करणारा शेतकरी एका फेरीत एकच तास पेरतो. तिफणीला तीन फण असतात. बैल तेच, फेरी तीच, पण तासे तीन पडतात. शास्त्रीय गणितात याच प्रकारची कामे फार असतात. लाखो ठिकाणचे तापमान घ्यावयाचे आणि प्रत्येकास तेच सूत्र लावावयाचे. तर मग एकेक संख्या घेण्याऐवजी संख्यांची जुडी एकदम उचलावी आणि एकाच आज्ञेने सगळ्या जुडीवर क्रिया करावी, अशी कल्पना निघाली. अशा जुडीला व्हेक्टर म्हणतात. १९७६ साली लॉस अलामॉस येथे बसवलेल्या क्रे-१ या यंत्रात आठ व्हेक्टर कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात ६४ संख्या मावत.

परंतु तिफण कोठेही चालत नाही. शेतात खडक लागला की ती उचलावी लागते. गणितातले खडक म्हणजे परस्परावलंबन. दुसऱ्या फेऱ्यास पहिल्या फेऱ्याचे उत्तर लागत असेल, तर दोन्ही फेरे एकदम कसे चालतील? कोणते फेरे एकमेकांपासून मोकळे आहेत हे ओळखण्याचे शास्त्र अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड कुक यांच्या मंडळींनी, आणि राइस विद्यापीठात केन केनेडी व रँडी ॲलन यांनी उभे केले. ॲलन आणि केनेडी यांचा साध्या फॉर्ट्रानचे व्हेक्टर-रूप करण्याविषयीचा प्रबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. शास्त्र तयार झाले होते. परंतु शास्त्र तयार होणे आणि पोहरा न गळणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे पुढील इतिहासावरून दिसेल.

त्याच सुमारास भारताला मोसमी पावसाच्या अंदाजासाठी मोठा संगणक हवा होता. अमेरिकेने अधिक सामर्थ्याचे यंत्र नाकारले आणि क्रे एक्स-एमपी १४ हे यंत्र अटी घालून दिले. दिल्लीच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात ते बसले. या नकाराची बोच देशाला लागली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्याकडे तिची धुरा आली. तीन वर्षांची मुदत आणि सुमारे तीस कोटी रुपये एवढ्या भांडवलावर १९९१ साली 'परम ८०००' सिद्ध झाला. इंग्लंडातील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांस जोडून तो बनवला होता. ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे.

परंतु तिचा पुढचा अध्याय क्वचितच सांगितला जातो. एकेकट्या ट्रान्सप्युटरची गणिती ताकद बेताची होती. ती वाढवावी म्हणून 'परम ८६००' या पुढच्या यंत्रात चार ट्रान्सप्युटरांच्या जोडीला इंटेल कंपनीचा आय-८६० हा प्रोसेसर बसवण्यात आला. १९८९ साली बाजारात आलेल्या या चिपमध्ये दहा लाखांवर ट्रान्झिस्टर होते. सेकंदाला आठ कोटी गणिती क्रिया हा तिचा कागदावरचा कमाल वेग. क्रे यंत्र एका चिपवर आले, असा तिचा बोलबाला झाला.

आणि येथेच नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा प्रकार झाला. या प्रोसेसरमध्ये बेरीज आणि गुणाकार टप्प्याटप्प्याने करणाऱ्या साखळ्या होत्या. साखळीत एक संख्या घातली की तिचे उत्तर लगेच बाहेर येत नसे. मागून आणखी संख्या ढकलाव्या, तेव्हा पहिलीचे उत्तर निघे. कोणत्या क्षणी काय ढकलावे, कोणत्या क्षणी काय उचलावे, याचा सारा हिशेब भाषांतरकाराने ठेवावयाचा होता. कसलेले लोक हाताने आज्ञा लिहीत तेव्हा आठ कोटींपैकी चार कोटींच्या आसपास वेग मिळे. कंपायलरने केलेल्या भाषांतरात एक कोटी मिळतानाही मारामार होई, असा त्या काळचा अनुभव नमूद आहे. ही अडचण पुण्याची नव्हे. जेथे जेथे ती चिप बसली तेथे तेथे ती होती. १९८९ सालीच स्थापन झालेल्या पोर्टलंड ग्रुप या अमेरिकन कंपनीने तर या प्रोसेसरसाठी कंपायलर लिहिण्याचे कामच हाती घेतले. परंतु आय-८६० फार काळ टिकला नाही. यंत्र रचणाऱ्यांनी जे ओझे कंपायलरवर टाकले, ते त्या वेळच्या कंपायलरला पेलले नाही.

आमच्या मते या घटनेत आपल्यासाठी एक धडा आहे. यंत्र नाकारले तर यंत्र बांधता येते. ते आपण तीन वर्षांत बांधून दाखवले. कंपायलरची विद्या मात्र तीन वर्षांत उभी राहत नाही. ती मुरावी लागते. सुदैवाने मुंबईस पवईच्या आय. आय. टी.त ती मुरत होती. प्रा. धनंजय धामधेरे यांनी तेथे अनेक वर्षे काटकसरीच्या भाषांतराचे शास्त्र अभ्यासले. एकदा केलेला हिशेब काही वाटांनी जाताना पुन्हा केला जातो, ती पुनरुक्ती कशी टाळावी, याची रीत मोरेल आणि रेनव्हॉइज या फ्रेंच संशोधकांनी १९७९ साली मांडली होती. तिच्यात महत्त्वाच्या सुधारणा करून ती व्यवहारात सोपी करण्याचे श्रेय धामधेरे यांच्याकडे जाते. १९९४ साली प्रा. उदय खेडकर यांच्यासह त्यांनी या प्रकारच्या विश्लेषणाचा व्यापक सिद्धांत प्रसिद्ध केला. खेडकरांनी पुढे जीसीसी या कंपायलरचे अंतरंग उलगडून दाखवणारे वर्ग चालवले. वर्तमानपत्रांत परमचे फोटो आले; ही विद्या मात्र वर्गाच्या फळ्यावर वाढत राहिली.

दरम्यान एक मोठे स्थित्यंतर झाले. व्हेक्टर ही महागड्या यंत्रांची मिरास राहिली नाही. १९९७ साली इंटेलच्या साध्या पेंटियममध्ये जुडीवर चालणाऱ्या पहिल्या आज्ञा आल्या. १९९९ मध्ये चार दशांश संख्या एकदम, २०११ मध्ये आठ, आणि पुढे सोळा, अशी जुडी वाढत गेली. आज टेबलावरच्या संगणकात आणि खिशातल्या फोनमध्येही ही तिफण आहे. दुसरे स्थित्यंतर त्याहून मोलाचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जीसीसी हा कंपायलर सर्वांना वाचता आणि दुरुस्त करता येईल असा खुला केला होता. २००५ साली त्याच्या चौथ्या आवृत्तीत आपोआप जुड्या बांधण्याची सोय आली. दुसरा खुला कंपायलर एलएलव्हीएम. इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर या विद्यार्थ्याने तो सुरू केला. त्याचे मार्गदर्शक विक्रम आडवे हे पवईच्याच आय. आय. टी.चे पदवीधर. २०१२ च्या अखेरीस एलएलव्हीएममध्येही जुड्या बांधण्याची सोय आली. ज्या पोहऱ्याला पूर्वी फक्त मालकच हात लावू शकत असे, तो आता गावकीचा झाला.

गावकीचा पोहरा गळत नाही असे मात्र नाही. उलट किती ठिकाणी गळतो हे आता सर्वांना दिसू लागले. एक उदाहरण घेऊ. पावसाच्या नोंदी १ तारखेपासून ३१ तारखेपर्यंत ओळीने ठेवलेल्या आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ३१ पासून मागे १ पर्यंत येत प्रत्येक नोंदीत एक ठराविक दुरुस्ती मिळवून ती परत ठेवली आहे. कंपायलर आठाची जुडी उचलतो. जुडीत २४ ते ३१ असा क्रम आहे, आणि प्रोग्रॅमचा क्रम ३१ ते २४ असा. इमानी भाषांतरकार मग जुडी उलटी करतो, दुरुस्ती मिळवतो, आणि ठेवण्यापूर्वी जुडी पुन्हा सुलटी करतो. उत्तर बरोबर येते. परंतु प्रत्येक जुडीमागे दोन उलथापालथी फुकट झाल्या. चालत्या मोटेचा बैल वाटेत दोनदा उगाच वळवावा, तशी ही गत. जुडी बांधून जे मिळवले त्यातले बरेच येथे सांडले.

दुरुस्ती काय करावयाची हे आता कोणीही सांगेल : दोन्ही उलथापालथी काढून टाका. पण 'काढून टाका' एवढे म्हणून भागत नाही. मधली क्रिया प्रत्येक नोंदीवर जागच्या जागी होत असेल, तरच दोन उलट्या मिळून एक सुलट होते. मधल्या क्रियेत एखाद्या नोंदीस शेजारच्या नोंदीचे उत्तर लागत असेल, तर मुळातला क्रमच महत्त्वाचा ठरतो. 'एवढ्याच नोंदींना दुरुस्ती लावा, बाकीच्या सोडा' अशी चाळणी मध्ये असेल, तर त्या चाळणीचाही क्रम उलटावा लागतो. नाहीतर २४ तारखेची सूट ३१ तारखेला मिळेल. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला नियम लिहावा लागतो, तो नियम कोठे लागू नाही हे त्याहून काळजीने लिहावे लागते, आणि दोन्हींचे लहान लहान नमुने कायमचे नोंदवून ठेवावे लागतात, म्हणजे पुढे कोणाच्या हातून तेच भोक पुन्हा पडले तर लगेच कळावे.

अशी भोके पुष्कळ प्रकारची असतात. १००३ नोंदींच्या आठ-आठच्या १२५ जुड्या होतात आणि तीन नोंदी उरतात. त्या उरलेल्या तिघींसाठी निराळे भाषांतर लागते, आणि नोंदी मुळात थोड्याच असतील तर त्या तयारीतच नफा बुडतो. वारा, तापमान आणि दाब यांच्या नोंदी एकाआड एक ठेवलेल्या असतील, तर कंपायलर कधीकधी एकेक नोंद वेचून जुडी बांधतो. त्यापेक्षा सलग तीन जुड्या उचलून मग त्यांची वाटणी करणे स्वस्त पडते. कोठे जुडी बांधणे फायद्याचे आणि कोठे तोट्याचे, हे ठरवण्यासाठी कंपायलरजवळ प्रत्येक आज्ञेच्या खर्चाचा अंदाज असतो. तो अंदाज एका प्रोसेसरला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरतो. दुकानदाराने जुन्या भावाच्या वहीवर नवा माल विकावा, तसे मग होते.

कोणी म्हणेल, एवढ्या क्षुल्लक काटकसरीसाठी इतका खटाटोप कशाला? या प्रश्नाचे उत्तर आपल्या कृष्णेने दिले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांचे महापूर सांगलीकरांच्या स्मरणात आहेत. घाटमाथ्यावर पाऊस किती पडणार, हे जितके आधी आणि जितक्या नेमकेपणाने कळेल, तितका सामान आणि जनावरे हलवण्यास अवधी मिळतो. हा हिशेब पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संगणकांवर होतो. २०२४ साली तेथे 'अर्क' हा संगणक आला. त्याचा कागदावरचा वेग सेकंदाला सुमारे ११७.७ लक्ष अब्ज क्रिया, म्हणजे ११.७७ पेटाफ्लॉप्स. २०२५ मध्ये त्याच्या आधारे ६ किलोमीटरच्या चौकटींचा अंदाज सुरू झाला. चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आणली की चौकटींची संख्या चौपट होते, आणि काळाची पावलेही निम्मी टाकावी लागतात. म्हणजे काम सुमारे आठपट वाढते.

आता कागदावरचा वेग आणि हाती येणारा वेग यांची तफावत पाहा. पुण्यातच टाटा समूहाच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने बांधलेला 'एक' हा संगणक २००७ साली जगात चौथा आला होता. त्याचा कागदी कमाल वेग सुमारे १७०.९ टेराफ्लॉप्स होता आणि मोजलेला वेग ११७.९, म्हणजे शंभरास एकोणसत्तर. आणि ही मोजणी यंत्राला सर्वांत सोयीच्या गणितावर झालेली. हवामानाच्या गणितात संख्या दूरदूरच्या जागांवरून आणाव्या लागतात. तेथे जगभरच्या मोठ्या यंत्रांना कागदी वेगाचा दहावा हिस्सा मिळवतानाही दमछाक होते. ही सगळीच गळती कंपायलरची नव्हे. बरीचशी स्मृतीच्या संथपणाची आहे. पण जी कंपायलरची आहे ती बुजवली, तर एक पैशाचे नवे यंत्र न घेता अंदाज लवकर हाती येतो.

मात्र येथे एक विवेक राखावा लागतो. दशांश संख्यांची बेरीज निराळ्या क्रमाने केली तर शेवटचा अंक बदलू शकतो. जुड्या बांधून बेरीज करताना क्रम बदलतोच. म्हणून लिहिणाऱ्याने स्पष्ट मुभा दिल्याखेरीज सभ्य कंपायलर तसे करीत नाही. शेवटच्या अंकाची एवढी काय मातब्बरी, असे वाटेल. १९६१ साली अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा यंत्राला दिला, आणि काही काळाने दोन्ही हिशेबांतले हवामान एकमेकांस ओळख देईनासे झाले. तेव्हा वेग हवा, पण तो लिहिणाऱ्याला न विचारता अर्थ बदलून मिळवलेला नको. मंद उत्तराने खोळंबा होतो. वेगाने आलेले चुकीचे उत्तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

या साऱ्या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट सांगावीशी वाटते. परमची कथा सांगताना आपण यंत्राचे स्वावलंबन सांगतो, ते योग्यच. परंतु पोहरा दुसऱ्याच्या दुरुस्तीवर अवलंबून असेल तर आडाची मालकी अपुरी राहते. आज ती दुरुस्ती शिकण्यास कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. तेथील मुलास किंवा मुलीस संध्याकाळी खोलीवर बसून जीसीसी किंवा एलएलव्हीएमची एकेक ओळ वाचता येते, एखादी फुकटची उलथापालथ शोधता येते, ती काढण्याचा नियम आणि त्याचे नमुने लिहून परीक्षेसाठी पाठवता येतात. परीक्षा कडक असते; जगाच्या चारही कोपऱ्यांतले जाणकार दहा शंका काढतात. परंतु नियम टिकला तर तो उद्या पुण्याच्या यंत्रावरही लागू होतो.

असे काम करणाऱ्याचा सत्कार होत नाही. दोन आज्ञा कमी झाल्या एवढेच त्याच्या श्रमांचे दृश्य फळ. पण कारखान्यात फिक्श्चर थोडे सरकवून प्रत्येक नगामागे चार सेकंद वाचवणारा कारागीर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या फळाची किंमत समजेल. आड खोल आहे आणि पाणी पुष्कळ आहे. पोहरा सांधणारे हात आपल्या गावातूनही निघावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही थांबतो.